आत्याचं लोणी, आजीचं दूध

आत्या लंडनहून आली की लोण्याचा विषय ठरलेला. १९७२च्या नोव्हेंबरात पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी पगार आणि भाव दोन्ही गोठवले. काका कारखान्यात फिटर. “ह्यांच्या पगारवाढीचं पत्र खिशातच राहिलं,” आत्या सांगायची, “पण फ्लॉवर काही थांबला नाही.” ताजी भाजी त्या हुकमातून वगळलेली होती.

त्यातच १ जानेवारी १९७३ला ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेलं. तोवर तिथली रीत अशी, की बाहेरचं धान्य-लोणी स्वस्तात येऊ द्यायचं आणि आपल्या शेतकऱ्याची तूट तिजोरीतून भरायची. समुदायाची रीत उलटी. शेतमालाचा भाव सगळ्यांनी मिळून वर धरायचा आणि बाहेरच्या मालावर कर लावून तोही तिथवर चढवायचा. ब्रिटनला ती चढण पाच वर्षांत, पायरीपायरीनं चढायची होती.

काका चहात बिस्किट बुडवत म्हणायचे, “पगार लंडनवाले अडवणार, भाव ब्रसेल्सवाले ठरवणार. भांडायचं कुणाशी?”

नोव्हेंबर १९७३मध्ये सरकारनं एक तोडगा काढला. महागाई ७ टक्क्यांवर गेली की पुढच्या दर टक्क्याला आठवड्याला ४० पेन्स जास्त पगार. पण तेल भडकलं, जगभर धान्य महागलं आणि १९७४मध्ये ही वाढ अकरा वेळा द्यावी लागली. बाहेरचा भाव थेट पगाराच्या पाकिटात शिरला होता. मग नव्या मजूर सरकारनं पाव, लोणी, चीज यांवर अनुदान दिलं. तिजोरीचं तोंड पुन्हा उघडलंच!

वर धरलेल्या भावानं युरोपात लोण्याचे डोंगर साचले. तिकडची दूधभुकटी आणि बटर ऑइल १९७०पासून ‘ऑपरेशन फ्लड’ या दूधयोजनेसाठी भारतात फुकट येत होतं आणि त्यातून दूध बनत होतं. मुंबईत आजी पहाटे दूध केंद्राच्या रांगेत बाटल्या घेऊन उभी राहायची. आत्यानं हे सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, “म्हणजे तुझं महागाचं लोणी माझ्या चहात आलं! मग फुकट आलेल्याचे पैसे कसले घेतात गं?”

उत्तर काकांनी दिलं. ते दूध फुकट वाटलं असतं तर इथल्या गवळ्याचा भाव पडला असता. म्हणून ही योजना राबवणाऱ्या वर्गीस कुरियन यांनी ते विकायला लावलं आणि आलेला पैसा दुग्धव्यवसायात घातला.

आजीनं कप खाली ठेवला. “म्हणजे भाव तिकडेही शेतकऱ्यासाठीच धरला आणि इकडेही,” ती म्हणाली. “फक्त इकडचा आपण धरला.”