अमेरिकेच्या व्हिसाची मेडिकल: डिप्रेशनचा जुना इलाज सांगायचा की लपवायचा?

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या अम्मीचा मध्यंतरी फोन आला. मुलीच्या निकाहला दोन वर्षं झाली, जावई अमेरिकेत नागरिक, कागद पुढे सरकले आणि मुंबईत मेडिकलची तारीख मिळाली. खुशीचीच बातमी. पण मग आवाज खाली करून त्या म्हणाल्या, "टीचर, बारावीनंतर तिला फार घबराहट व्हायची. रात्र रात्र झोपायची नाही. दीड वर्ष मेंदूच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालल्या होत्या. आता एकदम ठीक आहे. एजंट म्हणतो, तिथे तोंडच उघडू नका. काय करू?"

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. आपल्याकडे शुगर, बीपी सगळे सांगतात, पण मनाच्या आजाराचा इलाज कपाटाच्या तळाशी ठेवतात. म्हणून या विषयाची जेवढी पक्की माहिती आहे, ती इथे एका जागी देत आहे.

ही मेडिकल कोणाची आणि कुठे होते?

अमेरिकेत कायमचं राहायला जाणाऱ्याला, म्हणजे इमिग्रंट व्हिसा मागणाऱ्याला, मेडिकल सक्तीची आहे. पती, पत्नी, आईवडील, भावंडं, मुलं अशा नात्यावर जाणारे सगळे यात येतात. भारतातल्या बहुतेक इमिग्रंट व्हिसांच्या मुलाखती मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये होतात. मेडिकल त्याआधी करावी लागते. ती कोणत्याही डॉक्टरकडे चालत नाही. कॉन्सुलेटने नेमलेले ठरावीक डॉक्टर असतात, त्यांना पॅनेल फिजिशियन म्हणतात. जे आधीपासून अमेरिकेत आहेत आणि तिथूनच ग्रीन कार्ड मागतात, त्यांची तपासणी तिथले नेमलेले डॉक्टर करतात. त्या डॉक्टरांना सिव्हिल सर्जन म्हणतात आणि त्यांचा फॉर्म आय-६९३.

शिक्षणाच्या, नोकरीच्या किंवा फिरायच्या व्हिसाला सहसा मेडिकल नसते. पण त्यांच्या डीएस-१६० फॉर्ममध्येही तब्येतीचे प्रश्न आहेतच.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. पॅनेल फिजिशियन म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर नव्हेत. तुम्ही जे सांगता ते त्यांच्या अहवालात जातं आणि अहवाल कॉन्सुलेटकडे जातो. व्हिसा देणं न देणं डॉक्टरांच्या हातात नाही, तो निर्णय कॉन्सुलेटचा अधिकारी घेतो.

नेमकं काय विचारतात?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. इमिग्रंट व्हिसाच्या डीएस-२६० या ऑनलाइन फॉर्ममध्ये "तुम्ही कधी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलात का?" असा प्रश्न नाही. तिथे असं विचारलं आहे, की तुम्हाला असा काही शारीरिक किंवा मानसिक आजार आहे किंवा होता का, ज्यामुळे तुमच्या स्वतःच्या किंवा इतरांच्या सुरक्षिततेला धोका आहे किंवा होऊ शकतो. घबराहटीच्या गोळ्या घेऊन बरी झालेली, कधी स्वतःला किंवा कुणाला इजा न केलेली मुलगी या प्रश्नाला "नाही" म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते.

मेडिकलच्या वेळी मात्र प्रश्न जास्त मोकळे असतात. डॉक्टरांच्या कागदावर आजारांचा इतिहास भरायचा असतो. त्यात मानसिक आजार होता का, त्यासाठी कधी दवाखान्यात भरती झालात का, स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न कधी केला का, आजारामुळे किंवा नशेमुळे कुणाला गंभीर इजा केली का किंवा पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं का, हे सगळं येतं. सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत तेही विचारतात. इथे विचारलं तर खरं उत्तर द्यायचं.

म्हणजे फॉर्मचा प्रश्न वेगळा आणि डॉक्टरांचा प्रश्न वेगळा. दोन्ही नीट वाचून, जेवढं विचारलं तेवढ्याचं उत्तर द्या. न विचारलेली घरची सगळी कहाणी सांगायची गरज नाही आणि विचारलेलं दाबायचंही नाही.

क्लास ए आणि क्लास बी

तपासणीचे नियम अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था ठरवते. मनाच्या आजाराबाबत या नियमांचा भर आजाराच्या नावावर नाही, तर त्या आजारामुळे झालेल्या घातक वर्तनावर आहे.

क्लास ए: मानसिक आजार आहे आणि त्याच्याशी जोडलेलं घातक वर्तन आज आहे, किंवा पूर्वी होतं आणि पुन्हा होण्याची शक्यता आहे. घातक वर्तन म्हणजे स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा, मालमत्तेची मोठी नासधूस, नशेत गाडी चालवणं वगैरे. या वर्गात आलं तर व्हिसा अडतो. तरी रस्ता तिथे संपत नाही. आय-६०१ फॉर्म भरून सवलत मागता येते. अशा वेळी एजंटऐवजी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जावं.

क्लास बी: आजार आहे किंवा होता, पण घातक वर्तन नाही, किंवा पूर्वी होतं आणि पुन्हा होण्याची शक्यता नाही. या वर्गाची अहवालात नोंद होते, पण फक्त तेवढ्यावरून व्हिसा नाकारला जात नाही.

साधं डिप्रेशन, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन, परीक्षेची किंवा इतर घबराहट, ओसीडी, हे इलाजाखाली असेल आणि इजेचा इतिहास नसेल तर क्लास एचा प्रश्न सहसा येत नाही. बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया हे शब्द ऐकूनही लगेच घाबरू नका. तिथेही वर्तन काय होतं आणि आज तब्येत कशी आहे हेच पाहिलं जातं. दवाखान्यात भरती होणं म्हणजे आपोआप क्लास ए नव्हे.

आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल तर डॉक्टर जास्त खोलात जातात. कधी झाला, त्यानंतर इलाज काय झाला, आज स्थिती काय, हे विचारतात. गरज वाटली तर ते दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. त्यात वेळ जातो. म्हणून अशा घरांनी मेडिकल आणि मुलाखत यांच्यात पुरेसं अंतर ठेवावं.

लपवलं तर?

अमेरिकेच्या कायद्यात महत्त्वाची बाब जाणूनबुजून खोटी सांगून व्हिसा मिळवायचा प्रयत्न केला तर कायमची बंदी येऊ शकते. त्यातून सवलत मिळवायची तर अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेल्या जोडीदाराला किंवा आईवडिलांना फार मोठा त्रास होईल असं सिद्ध करावं लागतं. म्हणजे जो आजार क्लास बीमध्ये निघून गेला असता, तो लपवल्यामुळे उलट मोठं प्रकरण उभं राहू शकतं.

"कळणार कसं?" असं एजंट विचारतो. मनगटावरच्या जुन्या खुणा तपासणीत दिसतात. गोळ्यांचं नाव तोंडून निघतं. नवरा एक सांगतो, बायको दुसरं. आणि पुढे काही वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करताना, अमेरिकन अधिकाऱ्यांना कधी खोटी माहिती दिली का, हा प्रश्न पुन्हा समोर येतो. एजंट तोवर फोनही उचलत नाही. अर्जावर सही तुमची असते, त्याची नसते.

मेडिकलसाठी गोळ्या बंद करू नका

काही घरांत तारखेच्या पंधरा दिवस आधी गोळ्या बंद करतात, "रक्तात दिसायला नको" म्हणून. हे अगदी चुकीचं आहे. या मेडिकलमधली रक्ततपासणी मुख्यतः सिफिलिस आणि टीबीसाठी असते. डिप्रेशनच्या गोळ्या शोधायला ती नसते. आणि गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं, आजार उलटणं असं होऊ शकतं. मग ज्या दिवशी नीट बोलायचं त्याच दिवशी माणूस थरथरत बसतो.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा झोपेच्या-घबराहटीच्या गोळ्यांबाबत मात्र सावध राहा. या अमेरिकेत नियंत्रित औषधांच्या यादीत आहेत. आपल्याकडे ओळखीच्या मेडिकल स्टोअरमधून त्या चिठ्ठीशिवाय आणल्या जातात. तसं घेतलं असेल तर नशेचे प्रश्न उभे राहू शकतात. चिठ्ठी हवीच आणि ती जपून ठेवायची.

कोणते कागद जमवावेत?

ज्यांच्याकडे इलाज झाला त्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर, इंग्रजीत, नोंदणी क्रमांकासह एक पत्र घ्या. त्यात इतकं असावं:

- आजाराचं नाव, इलाज कधी सुरू झाला आणि कधी संपला
- कोणत्या गोळ्या, किती मात्रेत. आता चालू आहेत की बंद
- भरती झाली होती का. झाली असेल तर डिस्चार्ज कार्डची प्रत
- स्वतःला किंवा इतरांना इजा कधी झाली का, याबद्दल स्पष्ट वाक्य
- आजची स्थिती आणि पुढे काय अपेक्षित आहे

इलाज जुना असेल तर उशीर करू नका. आपल्या देशात वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं ठेवायच्या असतात, आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षांनंतर कागद मिळेलच असं नाही, म्हणून घरच्या फाइलीतल्या चिठ्ठ्या फेकू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हाही रुग्णाला स्वतःच्या नोंदी मिळवण्याचा हक्क देतो.

याच कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत. इलाजाची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा रुग्णाला हक्क आहे. आणि पूर्वी इलाज झाला किंवा भरती झाली, एवढ्याच कारणावरून आज किंवा उद्या कुणाला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. हा कायदा भारताचा आहे, कॉन्सुलेटला तो लागू नाही. पण रिश्तेदारांत कुणी "एकदा वेडा तो कायमचा वेडा" म्हणालं तर हे त्यांना जरूर सांगा.

फॉर्म कोण भरतं?

नात्याच्या व्हिसात फॉर्म बहुतेक वेळा नवरा, दीर किंवा एजंट भरतो. मुलीला काय लिहिलं तेही माहीत नसतं. हे बदलायला हवं. सबमिट करण्याआधी प्रत्येक उत्तर स्वतः वाचा, कारण कायद्याने जबाबदारी अर्जदाराची आहे. मेडिकलच्या वेळी सासरचं माणूस सोबत आलं असलं, तरी डॉक्टरांना "मला एकटीने बोलायचं आहे" असं सांगता येतं. अहवाल कॉन्सुलेटकडे जातो, सासरी जात नाही.

तरीही खरी अडचण बऱ्याचदा कॉन्सुलेटची नसते. नवऱ्याला हे माहीत नसतं, हीच ती अडचण. जास्त तपासणी लागली, तारीख पुढे गेली, तर कारण विचारलं जाणारच. माझं मत असं, की हे त्याला बायकोच्या तोंडून आधी कळलेलं बरं. शक्य असेल तर निकाहच्या आधीच.

इतर देशांचं थोडक्यात

कॅनडा: मेडिकल आहे. तिथे सार्वजनिक सुरक्षितता आणि आरोग्यसेवेवर पडणारा जास्तीचा खर्च, दोन्ही पाहतात. खर्चाची मर्यादा २०१८ मध्ये तिप्पट केली गेली. स्पॉन्सर केलेल्या पती-पत्नीला आणि अवलंबून असलेल्या मुलांना खर्चाची अट लागू नाही. खोट्या माहितीवर पाच वर्षांची बंदी आहे.

ऑस्ट्रेलिया: इथेही इलाजाच्या अंदाजे खर्चाचा हिशोब करतात. खोटी माहिती दिल्यास पुढची तीन वर्षं व्हिसा अडू शकतो.

ब्रिटन: सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयांना टीबीची तपासणी लागते. मानसिक आजाराची मेडिकल नाही.

आखाती देश: कोकणातल्या कितीतरी घरांचा चुलाच तिथल्या कमाईवर पेटतो. तिथली मेडिकल, जिला पूर्वी गामका म्हणत आणि आता वाफिद म्हणतात, जास्त कडक आहे. मानसिक आजार तिथल्या अनफिटच्या यादीतच आहे. म्हणून नोकरीसाठी पैसे भरण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या. यूएईत नियंत्रित औषधं नेताना तिथल्या सरकारची आधी परवानगी लागते, चिठ्ठीही सोबत हवी.

शेवटचं

त्या मुलीने डॉक्टरांचं पत्र सोबत नेलं. विचारलं तेव्हा सरळ सांगितलं, की अठराव्या वर्षी घबराहट होती, दीड वर्ष इलाज झाला, चार वर्षांपासून गोळ्या बंद आहेत. डॉक्टरांनी पत्र वाचलं, चार प्रश्न विचारले, नोंद केली आणि लसींकडे वळले. तिच्या अम्मीने मात्र त्या दहा मिनिटांसाठी दोन महिने झोप घालवली होती.

मला जास्त काळजी वाटते ती वर्गातल्या मुलांची. काही आईवडील मुलांना मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतच नाहीत. "उद्या परदेशी जायचं असेल तर रेकॉर्ड नको" म्हणतात. वर सगळं वाचलंत. अमेरिकेच्या नियमांत इलाज घेतल्याची शिक्षा नाही. उलट इलाज न झालेला आजार वाढून इजेपर्यंत गेला, तर दरवाजा बंद होण्याची भीती तिथे आहे. मूल झोपत नसेल, जेवत नसेल, मरणाच्या गोष्टी करत असेल, तर व्हिसाचा विचार नंतर करा. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ दिवसरात्र चालू असते, फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.