मोहाची धार आणि माल्टचा डबा

ऑस्ट्रेलियातल्या दुकानांत 1.7 किलोचा एक डबा मिळतो. बार्लीला मोड आणून, वाळवून, तिचा गोड अर्क काकवीसारखा दाट होईपर्यंत आटवलेला. त्यात हॉप्सचा कडवटपणा आणि झाकणाखाली यीस्टची पुडी. पाक गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, 23 लिटर होईपर्यंत पाणी ओतायचं आणि निवलं की यीस्ट भुरभुरायचं. आठवड्याभरात आंबतं, मग बाटल्या भरायच्या. तिथे हा सुटीचा छंद आहे. महाराष्ट्रातल्या धरणगावात मात्र तोच पाक नुसता खाल्ला तर अन्न, आणि यीस्ट टाकून आंबवला तर गुन्हा. या फरकाचा माग थेट धरणगावातूनच काढता येतो.

1825 मध्ये जेम्स आउट्रम या तरुण लेफ्टनंटने धरणगावात भिल्लांची पलटण उभारली. त्याआधी तो त्यांच्या नाईकांना, म्हणजे म्होरक्यांना, भेटायला एकटाच जंगलात जाई आणि भरपूर ब्रँडी पाजून त्यांची मनं जिंकी, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. खरं तर नाईकांकडे घरची मोहाची दारू होतीच. चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. ती वेचून वाळवायची, काही दिवस भिजत घालून आंबवायची, मडक्यात उकळून वाफ थंड करायची. पहिल्या धारेची आधी देवाला, मग माणसांना. जन्म, लग्न, मयत, काहीच तिच्यावाचून होत नसे.

1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने हे घरचं गाळणं परवान्याखाली आणलं. दारू ठरलेल्या भट्ट्यांत गाळायची, मक्तेदाराने विकायची आणि सरकारने कर घ्यायचा. 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावरही निर्बंध आले. अबकारी कायद्यानंतर दोनच वर्षांनी, 1880 मध्ये, पंतप्रधान ग्लॅडस्टनने इंग्लंडातही घरी बिअर बनवणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला. तिजोरीचं तर्कशास्त्र दोन्हीकडे एकच.

पुढे वाटा फुटल्या. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती, तेव्हा माल्टचे डबे बेकरीचा माल म्हणून उजळ माथ्याने विकले गेले आणि घरोघरी बिअर झाली. इंग्लंडने 1963 मध्ये घरगुती परवाना रद्द केला, तेव्हापासून डब्यांचा धंदा फोफावला. अमेरिकेतही 1978 च्या कायद्याने वाट मोकळी झाली. आपल्याकडे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. पुढे परवाने, दुकानं, कारखाने सगळं आलं. घरी गाळण्याची बंदी तेवढी राहिली. 2021 मध्ये राज्याने मोहाच्या फुलांवरचे निर्बंध सैल केले, पण दारूवरचे नाही. पाड्यावरचं मडकं आजही पोलिसांच्या भाषेत 'कच्चं रसायन' आहे आणि छाप्यात ते ओतून दिलं जातं.

मिथेनॉल कालवलेल्या हातभट्टीने माणसं मरतात, म्हणून तिच्यावर कारवाई हवीच. पण विष कालवणारा धंदेवाईक आणि सणाला चार घरांपुरतं गाळणारं कुटुंब यांना एकाच कलमाखाली बसवणं न्यायाचं नाही. दारू वाईट म्हणून बंदी असेल, तर ती कारखान्यालाही लागू करावी. महसुलासाठी असेल, तर सरकारने तसं स्पष्ट सांगावं आणि घरगुती वापरापुरता स्वस्त परवाना द्यावा.