तेरचं कापड आणि समुद्राचं पोवळं

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक वस्तू हातोहात फिरली. गटातली एक ताई कोकणच्या सहलीला जाऊन आली होती. तिथं एका फेरीवाल्याकडून तिनं पांढरा, जाळीदार दगड विकत घेतला होता. देवघरात ठेवायचा म्हणून. कॉलेजात शिकणारी तिची पुतणी म्हणाली, "काकू, हा दगड नाही. हे प्रवाळ आहे. हे घेणं गुन्हा आहे."

आम्ही सगळ्या गप्प झालो. दगड घेण्यात कसला आलाय गुन्हा? त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही थेट आपल्या तेरला येऊन पोचलो.

तेर म्हणजे गोरोबाकाकांचं तेर, तेरणाकाठचं. पण त्यांच्याही कितीतरी आधी या गावाचं नाव तगर होतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत समुद्री व्यापाराचं एक पुस्तक लिहिलं गेलं, त्याला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात लिहिलंय, की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांतून गुजरातेत भडोचच्या बंदराला जातं. त्याच बंदरात परदेशी जहाजांतून काय उतरायचं, त्याचीही यादी आहे. तांबं, कथील, शिसं, दारू आणि पोवळं. म्हणजे ज्या धक्क्यावरून तेरचं कापड बाहेर जायचं, त्याच धक्क्यावर पोवळं उतरायचं. आपल्यातल्या काहींच्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांशेजारी जो लाल मणी असतो, तेच हे पोवळं.

हे लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं. त्याच काळात रोममध्ये प्लिनी नावाचा लेखक होता. तो लिहितो, की आम्हाला हिंदुस्थानचे मोती जितके मोलाचे, तितकंच तिकडच्या लोकांना आमचं पोवळं मोलाचं. संकट टळावं म्हणून ते अंगावर घालतात. आणि पुढे म्हणतो, की तिकडच्या मागणीमुळे आता आमच्याकडंच ते दिसेनासं झालंय. बघा, एका मुलखाची हौस आणि दुसऱ्या मुलखाचा समुद्र ओका.

तेव्हा पोवळ्याला लोक वनस्पती समजत. अठराव्या शतकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं सांगितलं, की हे झाड नाही, हे जिवंत प्राणी आहेत. पुष्कळ वर्षं त्याचं कुणी ऐकलं नाही. आज आपल्याला माहीत आहे, की ताईनं आणलेला तो दगड म्हणजे असंख्य बारीक जिवांनी मिळून बांधलेलं घर आहे. आपल्या बोअरच्या पाण्यानं घागरीला पांढरा थर धरतो ना? बराचसा तसाच चुना हे जीव समुद्राच्या पाण्यातून घेतात आणि घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला देतं. रंगही बराचसा त्या शेवाळाचाच.

असे जीव काचेच्या टाकीत जगवायला माणसाला फार काळ लागला. १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत छापून सांगितली. टाकीत समुद्रातले जिवंत खडक ठेवायचे, हवेचे बुडबुडे सोडायचे. टाकीतली घाण त्या खडकांवरचे सूक्ष्म जीवच पचवतात. आज टाकी सांभाळणारे लोक पाणी २५-२६ अंशांवर ठेवतात. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ, ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, भरपूर उजेड आणि सतत हलतं पाणी. पण खरी गोष्ट एकच, सगळं रोज सारखं हवं. दुभत्या म्हशीचं जसं वेळापत्रक चुकवून चालत नाही, तसंच इथं.

समुद्रात ते सारखेपण आता बिघडतंय. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद्या अंशानं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. लगेच मरत नाही, पण उपाशी राहतं. पाणी वेळेत निवलं तर पुन्हा सावरतं. उन्हाच्या झळा सोसणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे वेगळं समजवायला नको.

आपल्या महाराष्ट्रातही प्रवाळ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २००१ साली दगडी प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवलं. म्हणून ते तोडणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे, मेलेलं असलं तरी. २०२० साली मुंबईत किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळ १८ प्रवाळ-वसाहती सापडल्या. आधी परवानगी काढली, मग त्या अलगद उचलून दुसऱ्या खडकांवर बसवल्या.

समुद्र राखून पोट भरता येतं, हेही बायांनीच दाखवलंय. वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या महिला मांडवी खाडीत पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. त्या झाड तोडून विकत नाहीत. ते उभं आहे, म्हणून त्यांची कमाई आहे.

आमच्या ताईनं तो दगड देवघरात ठेवला नाही. आम्ही चौघीजणी तिच्याबरोबर वनविभागाच्या कार्यालयात गेलो, कसा आला ते खरं सांगितलं आणि देऊन आलो. ती येताना म्हणाली, "माझे शंभर रुपये गेले, पण कुणाचं तरी घर मोडायला मीच पैसे दिले होते की."

मैत्रिणींनो, तुमच्या गटातून कुणी समुद्राकाठी निघालं, तर एवढं सांगा. शिंपले बघा, लाटांत भिजा, पण पांढरा जाळीदार दगड विकत घेऊ नका. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या हौसेनं दुसऱ्याचा समुद्र ओका झाला. आताचा समुद्र तर आपलाच आहे.