तैवानची तळी आणि खचलेली जमीन

१९७० नंतर तैवानच्या पिंगतुंग किनाऱ्यावर वाम आणि कोळंबीची तळी वाढत गेली. बोअरचं पाणी स्वच्छ, बारा महिने सारख्याच तापमानाचं, समुद्राचं पाणी पातळ करायलाही तेच. मग उपसा थांबतोय कशाला! पाणी निघालं तसे खालचे मातीचे थर दबले. जियादोंगला जमीन ३ मीटरहून जास्त खचली. दबलेली चिकणमाती पुन्हा फुगत नाही मंडळी, पाऊस कितीही पडो.

आपला काळा पाषाण असा खचत नाही, पण बोअर आटते. एकरभर तळ्यातून रोज ५ मिमी बाष्पीभवन धरलं तरी २०,००० लिटर उडतं. पाझर वेगळा. तळं खोदण्याआधी ऐन मे महिन्यात मोटर बंद करून बघा, पातळी किती तासांत भरते. शेजाऱ्याच्या विहिरीतही दोर सोडा.