खोट्या लाकडाची गोष्ट

इथे मिशिगनमध्ये एका मित्राकडे १९८९ची फोर्ड कंट्री स्क्वायर आहे. डॅशबोर्डवरचं ‘लाकूड’ म्हणजे प्लास्टिकवर छापलेल्या रेषा. आता कडा सुटल्यात. तो म्हणतो, खरं अक्रोडाचं लाकूड बसवू.

मी म्हटलं, थांब बाबा! याच राज्यात आयर्न माउंटनला फोर्डचा कारखाना खऱ्या लाकडाच्या बॉड्या बनवायचा. त्यांना सारखं वार्निश लागे, नाहीतर सांधे कुजत. १९५२ला बॉडी पोलादी झाली, लाकडाचं चित्र पत्र्यावर आलं (पुढे आत डॅशबोर्डवरही) आणि १९९१ला गाडी बंद होईपर्यंत टिकलं. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांनी जाणूनबुजून पैसे मोजून घेतलेलं सोंग! त्यावर अक्रोड चढवलं तर गाडी श्रीमंत दिसेल, पण ती कंट्री स्क्वायर वाटणार नाही.

तशाच रेषांची फिल्म मिळते. हेअर ड्रायरने जुनी सोडवायची, नवी लावायची. मित्र अजून कुरकुरतोय.