सरकीची लव आणि दुधाचं यंत्र

अन्नाच्या वेष्टनासाठी नॅनोसेल्युलोज वापरतात, त्याच्या कुळात दुधाचं यंत्र निघालं आणि मी तिथंच अडकलो.

बीडमधल्या गेवराई-माजलगावकडचा कापूस जिनिंगला जातो. रुईच्या गाठी होतात, सरकी तेलाला जाते, पेंड म्हशीपुढे येते. पण रुई निघाल्यावरही सरकीला आखूड लव चिकटून असते. तिला लिंटर म्हणतात. कातायला ती कुचकामी, पण बहुतांशी सेल्युलोजच. तिचे तंतू नॅनोमीटरच्या मापाला उकलले, की नॅनोसेल्युलोज होतं; त्याची फिल्म ऑक्सिजन अडवते आणि स्टार्चच्या लेच्यापेच्या फिल्मला बळ देते.

हे उकलायचं कसं? ऑग्युस्त गोलँ या फ्रेंच माणसानं 1899 मध्ये होमोजिनायझरचं पेटंट घेतलं. जबर दाबानं दूध बारीक फटीतून काढायचं, म्हणजे स्निग्धांशाचे कण फुटतात आणि साय धरत नाही. पुढे न्यू जर्सीत आयटीटी रेयॉनियरच्या टर्बाक, स्नायडर आणि सँडबर्ग यांनी याच जातीच्या यंत्रातून लाकडाचा पातळ लगदा पुन्हा पुन्हा काढला. बाहेर आली दाट जेली! 1983 मध्ये पेटंट मिळालं, त्यात खाद्यपदार्थांतला वापरही आहे. हे यंत्र त्यांच्याकडे अन्नाच्याच कामासाठी आलं असणार, असा माझा पक्का तर्क.

जाणकार म्हणतील, मूळपुरुष स्वीडनचा रॉन्बी. त्यानं 1949 मध्येच आम्लानं सेल्युलोजचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगते केले होते. मान्य. पण आम्लातून निघतात सुट्या, आखूड काड्या. यंत्रातून निघतात लांब, एकमेकांत गुंतलेले तंतू, आणि चिवट फिल्मला गुंताच हवा. कुळ दुधाकडूनच मोजायचं, हा माझा हट्ट.

या यंत्राला वीज मात्र बेसुमार लागते. मुंबईत माटुंग्याच्या 'सिरकॉट' या कापूस संशोधन संस्थेनं (स्थापना 1924) दुसरी वाट धरली. तिथल्या शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये ट्रायकोडर्मा बुरशीकडून कापसाचे तंतू पोखरून घेतल्याचं प्रसिद्ध केलं. शेतकरी पिकाच्या मुळाशी टाकतात, त्या बुरशीच्याच कुळातली, पण वेगळी जात.

आता वेष्टनात घालायचं काय? बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण फळ पिकलं की थांबत नाही आणि फार थंडीत साल काळी पडते. त्याला सरकीच्या लवेत गुंडाळावं, हा मोह होतोच. अडचण पाण्याची आहे. फळ ओल सोडतं, सेल्युलोज ती पितं, आणि ओली फिल्म ऑक्सिजन नीट अडवत नाही. शिवाय फळाला श्वासही घ्यायचा असतो, पार कोंडलं तर आतून आंबेल. म्हणून मी पैज लावीन ती सीताफळाच्या गराच्या पाकिटावर: मधे नॅनोसेल्युलोजचा थर आणि दोन्ही बाजूंनी ओल रोखणारं अस्तर.