दार लावले कोणी?

भारताने ४ नोव्हेंबर २०१९ला बँकॉकमध्ये ‘आरसेप’ हा बहुदेशीय मुक्त व्यापार करार नाकारला आणि शेतकरी वाचला. आता एकेका देशाशी होणारे करार म्हणजे तेच संकट मागच्या दाराने, असे मत पुणे जिल्ह्यात मंचरच्या दूध डेअरीपासून आळेफाट्याच्या कांदा बाजारापर्यंत सहज ऐकू येते.

पूर्वपक्षात तथ्य आहे. आंबेगावात दोन-चार गाईंवर घर चालते. न्यूझीलंडचे बहुतेक दूध निर्यातीसाठीच निघते. तिथली दूध पावडर शुल्काविना आली तर इथल्या दराचे काय होईल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. पण या रास्त भीतीतून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

एक तर, २०१९मध्ये नव्या सोयरिकीची बोलणी मोडली, जुनी नाती नव्हे. ‘आरसेप’च्या १५ देशांपैकी आसियानचे दहा, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्याशी आपले करार आधीपासूनच होते. ऑस्ट्रेलियाशी २०२२मध्ये झाला. न्यूझीलंडशी बोलणी पूर्ण झाल्याचे डिसेंबर २०२५मध्ये जाहीर झाले. दोन्हींत दूध सवलतींबाहेर राहिले. म्हणजे करार करूनही गोठा राखता येतो. प्रश्न सवलतींच्या यादीत काय घातले याचा आहे.

दुसरे, कांदा कोणी बुडवला? ऑगस्ट २०२३मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले तेव्हा उन्हाळी कांदा बराखीत होता. डिसेंबरात निर्यातबंदीच आली. ती उठायला मे २०२४ उजाडला आणि शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५. नारायणगावच्या टोमॅटोला २०२३मध्ये कुठे भाव मिळाला, तर नेपाळहून टोमॅटो मागवला गेला. यातला एकही निर्णय ‘आरसेप’चा नव्हता. हे सारे दिल्लीचे, तेही करार नाकारल्यानंतरचे.

शहरी ग्राहकाला महागाई सोसवत नाही, हे खरे. मग दिलासा तिजोरीतून द्यावा, बराखीतून नव्हे. शिवाय बंदीच्या काळात तुटलेले परदेशी गिऱ्हाईक नुसत्या शुल्कसवलतीने परत येत नाही. त्याला माल वेळेवर मिळण्याची खात्री लागते.

म्हणून ‘करार नको’ ही घोषणा अपुरी आहे. दूध बाहेर राहील यावर पहारा हवाच. त्याबरोबर निर्यातबंदीची आगाऊ सूचना आणि भरपाईही मागायला हवी. नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचा मानतात. जकात असावी, पण माल घाटमाथ्यावर पोचल्यावर वाट बुजवू नये.